पोती हलवायची, पण गिऱ्हाईक ताटकळवायचं नाही

आज एका प्रश्नानं सुरुवात करू. रात्री बाराच्या ठोक्याला मोबाइलवरून जळगाव ते मुंबई रेल्वेचं तिकीट काढायला गेलात, तर मिळेल का? नाही मिळणार. रोज रात्री पावणेबाराच्या सुमाराला आरक्षणाची सेवा थोडा वेळ बंद होते आणि मध्यरात्र उलटल्यावर पुन्हा सुरू होते. तुम्ही म्हणाल, माणूस झोपतो हे ठीक आहे, पण कॉम्प्युटरला कसली आलीय झोप? अहो, तो झोपत नाहीच. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून आत आवराआवर करतात ना, तसं त्याचं चाललेलं असतं.

एकदा तर ही आवराआवर सात रात्री चालली होती. कोविडच्या काळात बहुतेक गाड्या ‘विशेष’ म्हणून धावत होत्या आणि त्यांच्या नंबरांच्या सुरुवातीला शून्य असायचं. नोव्हेंबर २०२१ मध्ये रेल्वेनं ठरवलं, की आता गाड्यांना त्यांचे नेहमीचे नंबर परत द्यायचे. म्हणायला सोपं काम, एक आकडा तर बदलायचा! पण लोकांनी आधीच काढलेली तिकिटं त्या शून्याच्या नंबरांवर होती. कुणाचं भुसावळहून, कुणाचं चाळीसगावहून. ती सगळी नोंद न हरवता, न चुकता नव्या नंबराखाली न्यायची होती. म्हणून १४ नोव्हेंबरच्या रात्रीपासून २१ नोव्हेंबरच्या पहाटेपर्यंत, रोज रात्री साडेअकरा ते पहाटे साडेपाच, आरक्षण बंद ठेवून हे काम टप्प्याटप्प्यानं केलं गेलं.

दिवसा का नाही केलं? कारण दिवसा गिऱ्हाईक असतं. सकाळी दहाला वातानुकूलित डब्यांची आणि अकराला साध्या डब्यांची तत्काळ तिकिटं सुटतात, तेव्हा सगळा देश एकदम बटण दाबत असतो. त्याच मिनिटाला आतमध्ये नोंदींची हलवाहलव सुरू असली, तर दोन्ही कामं एकमेकांच्या पायात येणार.

हे पायात येणं म्हणजे काय, आणि ते कसं टाळतात, हाच आजचा विषय. कॉम्प्युटरच्या दुनियेत यावर मोठमोठ्या डोक्याच्या माणसांनी वर्षानुवर्षं विचार केला आहे. पण समजून घ्यायला आपल्याला जळगावचा दाणाबाजार पुरेसा आहे.

समजा, दाणाबाजारात एका व्यापाऱ्याची तीन गोदामं आहेत. तूरडाळीची एकूण ३६० पोती, प्रत्येक गोदामात १२०. धंदा वाढला, गोदामं गच्च भरली, म्हणून त्यानं चौथं गोदाम भाड्यानं घेतलं. आता चारही गोदामांत सारखी पोती हवीत, म्हणजे ९०-९०. तुम्हीच सांगा, किती पोती हलवावी लागतील?

प्रत्येक जुन्या गोदामातून ३० काढायची, झाली ९०. बरोबर!

पण थांबा. पोतं कुठल्या गोदामात आहे हे शोधायची व्यापाऱ्याची एक युक्ती आहे. प्रत्येक पोत्यावर नंबर आहे. नंबराला तीननं भागायचं आणि बाकी जी उरेल त्या नंबराच्या गोदामात पोतं ठेवायचं. बाकी ०, १ किंवा २, म्हणून गोदामंही ०, १ आणि २. वही उघडायला नको की शोधाशोध नको. झकास युक्ती आहे. पण चौथं गोदाम आल्यावर चारनं भागावं लागणार! आता १ ते १२ नंबरची पोती घ्या आणि कागदावर करून पाहा. पोतं नंबर १: तीननं भागून बाकी १, चारनं भागूनही १, म्हणजे जागेवर राहिलं. नंबर २ तसंच. नंबर ३: आधी बाकी ०, आता ३, हलवा. नंबर ४: आधी १, आता ०, हलवा. असं करत गेलात तर बारापैकी फक्त १, २ आणि १२ ही तीन पोती जागेवर राहतात. बाकीची नऊ हलतात. म्हणजे ३६० पैकी २७०! जिथे ९० पोत्यांत भागत होतं तिथे तिप्पट हमाली.

कॉम्प्युटरवाल्यांनाही हाच त्रास होता. प्रचंड माहिती एका कॉम्प्युटरवर मावत नाही, म्हणून ती शेकडो, हजारो कॉम्प्युटरांवर वाटून ठेवतात. आपल्या रेल्वेचंच घ्या ना. आरक्षणाची व्यवस्था मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद अशा पाच केंद्रांवर उभारली गेली आणि १९९९ साली ती एकमेकांशी जोडली गेली. त्यामुळे जळगावच्या खिडकीवरून लांबच्या कुठल्या गाडीचंही तिकीट मागता येऊ लागलं, त्या गाडीची नोंद दुसऱ्याच शहरात असली तरी. पाच केंद्रांची गोष्ट निराळी, ती रोज वाढत नाहीत. पण जिथे हजार कॉम्प्युटर आहेत तिथे दर आठवड्याला चार नवे येणार, दोन जुने बंद पडणार. दर वेळी सगळी पोती हलवत बसलं तर धंदा कधी करायचा?

त्यावर १९९७ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या डेव्हिड कार्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छान तोडगा सुचवला. घड्याळाची तबकडी डोळ्यांसमोर आणा. तीन गोदामं काट्यांवर बसवा, १२, ४ आणि ८ वाजता. प्रत्येक पोत्यालाही तबकडीवर एक जागा मिळते, आणि ते काट्याच्या दिशेनं जे गोदाम पहिलं लागेल तिथे जातं. आता चौथं गोदाम ६ वाजता बसवलं, तर काय होईल? ४ आणि ६ च्या मधली पोती, जी आधी ८ च्या गोदामात जात होती, तेवढीच ६ मध्ये येतील. बाकीच्यांना धक्काही नाही! (सगळा भार एकट्या ८ च्या गोदामाचा हलका झाला, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. म्हणून प्रत्यक्षात एकेका गोदामाला तबकडीवर एक नाही, तर पुष्कळ छोट्या छोट्या जागा देतात. मग नवं गोदाम सगळ्यांकडून थोडं थोडं घेतं.)

म्हणजे २७० ची ९० झाली. पण ९० पोती तरी हलवायचीच आहेत, आणि खरी अडचण इथून सुरू होते.

व्यापाऱ्याकडे हमाल तेच आहेत, हातगाड्या त्याच आहेत आणि गोदामाचं दारही एकच आहे. सकाळी अकराला धुळ्याहून एक दुकानदार आला, त्याला दहा पोती हवीत. पण हमाल चौथ्या गोदामाकडे पोती वाहण्यात गुंतलेले. ‘थांब ना भो, एवढी खेप टाकून येतो!’ दुकानदार थांबतो. दुसरा येतो, तिसरा येतो. रांग लागते. व्यापारी म्हणतो, मी तर गिऱ्हाइकांच्या सोयीसाठीच गोदाम वाढवलं होतं! आहे की नाही गंमत? ज्यांच्यासाठी काम काढलं तेच उन्हात उभे.

कॉम्प्युटरमध्ये हमाल म्हणजे डिस्क, आणि हातगाडी म्हणजे तारांमधून जाणारा माहितीचा ओघ. डिस्क सेकंदाला ठरावीकच माहिती वाचू-लिहू शकते. ती आतली हलवाहलव करत असली, तर बाहेरून आलेल्या मागणीला ताटकळावंच लागतं.

मग हलवाहलव अगदी सावकाश केली तर? तसंही करून पाहिलेलं आहे. ‘हडूप’ नावाची एक प्रसिद्ध प्रणाली आहे. तिचं हे मजेदार नाव डग कटिंग या तिच्या निर्मात्याच्या लहान मुलाकडे असलेल्या पिवळ्या खेळण्यातल्या हत्तीवरून पडलं. तर या हत्तीच्या सुरुवातीच्या काळात असा नियम होता, की भार सारखा करताना एका कॉम्प्युटरनं सेकंदाला फक्त १ मेगाबाइट माहिती हलवायची, मुद्दाम सांगितल्याशिवाय जास्त नाही. गिऱ्हाइकाला अजिबात त्रास नको म्हणून. पण गणित करा. नव्या कॉम्प्युटरवर ३ टेराबाइट, म्हणजे सुमारे ३० लाख मेगाबाइट माहिती न्यायची असेल, तर ३० लाख सेकंद लागतील. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. म्हणजे जवळजवळ ३५ दिवस! तोपर्यंत जुन्या डिस्क भरून वाहायला लागतील. पुढे ही मर्यादा वाढवली गेली.

आणि नुसतं भार सारखा करण्याचं काम असेल तर उशीर एक वेळ चालेलही. पण एखादा कॉम्प्युटर बंदच पडला तर? इथे दाणाबाजार आणि कॉम्प्युटर यांत एक मोठा फरक आहे. पोत्याची झेरॉक्स निघत नाही, माहितीची निघते. म्हणून महत्त्वाच्या माहितीच्या सहसा तीन प्रती तीन वेगवेगळ्या कॉम्प्युटरांवर ठेवतात. एक बंद पडला की त्याच्यावरच्या सगळ्या माहितीच्या दोनच प्रती उरतात. आणखी एक गेला की काही माहितीची एकच. तोही गेला तर? कुणाचे दहावीच्या निरोप समारंभाचे फोटो, कुणाच्या दवाखान्याचे रिपोर्ट कायमचे गेले. म्हणून तिसरी प्रत लवकर तयार व्हायला हवी, आणि तरीही बाहेरचं गिऱ्हाईक ताटकळता कामा नये. घाई केली तर त्रास आणि उशीर केला तर धोका.

गूगलच्या संजय घेमावत, हॉवर्ड गोबिऑफ आणि शुन-टाक लिउंग यांनी २००३ साली आपली माहिती साठवायची पद्धत जगाला सांगितली, तेव्हा यावरचा एक प्रयोगही सांगितला. मला तो फार आवडतो, कारण त्यांनी मुद्दामच एक कॉम्प्युटर बंद पाडला! २२७ कॉम्प्युटरांचा तो कळप होता. बंद पाडलेल्यावर माहितीचे सुमारे १५,००० तुकडे होते, एकूण ६०० गीगाबाइट. आता या सगळ्या तुकड्यांची एकेक नवी प्रत करायची. पण नियम दोन: एका वेळी कळपात जास्तीत जास्त ९१ ठिकाणी नक्कल चालेल, आणि प्रत्येक ठिकाणी वेग सेकंदाला सव्वासहा मेगाबाइटपेक्षा जास्त नसेल. म्हणजे हमालांपैकी चाळीसेक टक्केच या कामावर, आणि त्यांनीही पळायचं नाही.

किती वेळ लागला असेल? एकाच कॉम्प्युटरनं या वेगानं सगळी नक्कल केली असती, तर सव्वीस-सत्तावीस तास लागले असते. प्रत्यक्षात काम २३.२ मिनिटांत संपलं. जी माहिती गेली तिच्या उरलेल्या प्रती एका जागी नव्हत्या, सगळ्या कळपात विखुरलेल्या होत्या. त्यामुळे पुष्कळांनी थोडा थोडा भार उचलला, कुणाच्याच पाठीवर पोतं जड झालं नाही.

मग त्यांनी एकदम दोन कॉम्प्युटर बंद पाडले. आता २६६ तुकडे असे निघाले, की त्यांची जगात एकच प्रत उरली. हे तुकडे रांगेत सगळ्यांच्या पुढे घेतले गेले. दोन मिनिटांच्या आत त्या प्रत्येकाची दुसरी प्रत तयार! दवाखान्यात ताप-खोकल्याच्या रांगेतून अपघाताच्या पेशंटला आधी आत नेतात, तसंच हे.

आता ही खबरदारी अपुरी पडली तर काय होतं तेही पाहा. २१ एप्रिल २०११ ला अमेरिकेतल्या व्हर्जिनिया भागातल्या ॲमेझॉनच्या केंद्रात नेटवर्कची क्षमता वाढवायचं काम चाललं होतं. वाहतूक एका मोठ्या रस्त्यावरून दुसऱ्या मोठ्या रस्त्यावर वळवायची होती, ती चुकून एका अरुंद बोळात वळवली गेली. बोळ तुंबला. पुष्कळ कॉम्प्युटरांचा आपल्या जोडीदारांशी, म्हणजे ज्यांच्याकडे माहितीची दुसरी प्रत होती त्यांच्याशी, संपर्क तुटला. चूक लक्षात आली, रस्ता दुरुस्त झाला. पण तोवर प्रत्येकाला वाटलं, आपला जोडीदार गेला, आता माझ्याकडे एकच प्रत! सगळे एकाच वेळी नव्या प्रतीसाठी रिकामी जागा शोधायला धावले. जागा पाहता पाहता संपली. ज्यांना मिळाली नाही ते थांबले नाहीत, पुन्हा पुन्हा विचारतच राहिले. त्या विभागातल्या १३ टक्के डिस्क अडकून पडल्या, त्यांच्यावर चालणाऱ्या कितीतरी वेबसाइट बंद झाल्या आणि सगळं पूर्ववत व्हायला काही दिवस लागले. ०.०७ टक्के माहिती तर परत मिळालीच नाही. ज्या धावपळीचा हेतू माहिती वाचवणं हा होता तिच्यामुळेच हा गोंधळ वाढला. नंतर त्यांनी दोन सुधारणा ठरवल्या: जागा मिळाली नाही तर प्रत्येकानं आधीपेक्षा जास्त वेळ थांबून मग विचारायचं, आणि नवा जोडीदार शोधण्याआधी जुना परत येतोय का ते पाहायचं.

शाळेत आग लागल्याची घंटा झाली तर जिन्यावर काय होईल, याचा विचार करा म्हणजे हे पटेल.

तर मग किती वेगानं हलवायचं, हे ठरवायचं कुणी? ठरावीक आकडा लिहून ठेवला तर तो सकाळी अकराला जास्त ठरतो आणि पहाटे तीनला उगाच कमी. रेल्वेला निदान रात्र तरी मिळते. ज्या सेवा जगभर वापरल्या जातात त्यांना रात्र अशी नसतेच, आपल्याकडे मध्यरात्र तेव्हा न्यूयॉर्कला दुपार असते. तेव्हा सतत लक्ष ठेवणारा कुणीतरी हवा.

असा माणूस आपल्या खानदेशात पूर्वीपासून होता. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर जुने बंधारे आहेत. त्यांच्या पाटाचं पाणी शेतांना मिळायचं ते ‘फड’ पद्धतीनं. या पद्धतीत पाण्याची पाळी आपापल्या मनानं कुणी घेत नसे. गावानं नेमलेला पाटकरी पाटावर लक्ष ठेवून शेतांना पाणी द्यायचा. आजोबांना विचारा, त्यांना ठाऊक असेल.

ॲमेझॉननं २००७ साली ‘डायनॅमो’ नावाच्या आपल्या साठवण-व्यवस्थेची माहिती प्रसिद्ध केली. त्यात असाच एक पाटकरी आहे. तो आतल्या कामांना वेळाच्या छोट्या छोट्या पाळ्या देतो. पाळी देण्याआधी मागच्या ६० सेकंदांत बाहेरच्या मागण्यांना किती थांबावं लागलं ते तपासतो. थांबणं ठरलेल्या मर्यादेच्या जवळ गेलं, उदाहरणार्थ ५० मिलिसेकंदांच्या (एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग), की आतल्या कामांच्या पाळ्या कमी. गर्दी ओसरली की पुन्हा जास्त.

यात एक बारीक गोष्ट आहे, आणि माझ्या मते तीच सगळ्यात शहाणपणाची आहे. हा पाटकरी सरासरी पाहत नाही. का? हे पाहा: शंभर जणांनी मागणी केली. ९८ जणांना १०-१० मिलिसेकंदांत उत्तर मिळालं आणि दोघांना लागले प्रत्येकी १००० मिलिसेकंद, म्हणजे एक सेकंद. सरासरी काढा. ९८ गुणिले १० म्हणजे ९८०, अधिक २०००, भागिले १००. आली जेमतेम ३०. सरासरी म्हणते सगळं ठीक आहे! पण त्या दोघांना विचारा. तत्काळच्या वेळी एक सेकंद म्हणजे कन्फर्म आणि वेटिंग यांच्यातला फरक. म्हणून पाटकरी शंभर जणांना थांबण्याच्या क्रमानं उभं करतो आणि नव्व्याण्णवाव्याकडे बघतो. त्याचं थांबणं मर्यादेत असेल तर त्याच्या आधीच्या सगळ्यांचं असणारच.

(वर्गाची सरासरी ७० टक्के आली म्हणून शेवटच्या बाकावरच्याला गणित समजलं असं होत नाही. हे आपलं जाता जाता, तुमच्या आईबाबांसाठी.)

आता घरी करायचा प्रयोग. मोठ्यांना विचारून एक पेन ड्राइव्ह घ्या. त्यात आधीपासून शंभरेक फोटो असू द्या. कॉम्प्युटरला लावून दहा फोटो एकामागून एक उघडा आणि किती सेकंद लागले ते लिहा. मग त्याच पेन ड्राइव्हवर एखादा मोठा सिनेमा कॉपी करायला लावा, आणि ते चालू असतानाच दुसरे दहा फोटो उघडा. पुन्हा वेळ लिहा. नुसती बेरीज करू नका. प्रत्येक फोटोचा वेळ वेगळा लिहा आणि सगळ्यात हट्टी फोटो कुठला ते शोधा. पेन ड्राइव्ह मात्र कॉपी पूर्ण होण्याआधी उपटू नका हं!

आणि एक गणित. आपल्या व्यापाऱ्याच्या चार गोदामांची आता पाच झाली. बाकीची युक्ती तीच, फक्त चारऐवजी पाचनं भागायचं. १ ते २० नंबरच्या पोत्यांपैकी किती जागेवर राहतील? उत्तर पुढच्या अंकात.